गरोदरपणात दम्याचा पंप बंद करावा का? आणि बाळंतपणातल्या शेगडीचं काय?

नवी_वाट | ३ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मला आठवीपासून दमा आहे. वय ३०, पहिलंच बाळंतपण, आज बाविसावा आठवडा लागला. राहते वाकडला, माहेर कराड तालुक्यातल्या एका गावात. माझ्याकडे दोन पंप. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, त्यात फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड (हे स्टेरॉइड). दुसरा साल्ब्युटामॉलचा, धाप लागली तरच घ्यायचा.

दुसरा महिना लागला आणि मी रोजचा पंप बंद केला. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, मीच केला. डबीतल्या कागदावर 'गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यानेच' असं छापलेलं होतं, त्यात नात्यातल्या एक आत्या म्हणाल्या की स्टेरॉइड बाळाच्या अंगात उतरतं. साल्ब्युटामॉलचा ठेवला, कारण तो 'लागला तरच' घ्यायचा, म्हणजे कमी वाईट असा माझा हिशोब. गंमत म्हणजे पहिला दीड महिना मस्त गेला. मला वाटलं, दमाच गेला.

एकोणिसाव्या आठवड्यात साधी सर्दी झाली. तीन रात्री उशांच्या ढिगाला टेकून बसून काढल्या. साल्ब्युटामॉल दिवसातून आठ-दहा वेळा. चौथ्या पहाटे नवऱ्याकडे पाणी मागितलं तर 'पाणी' हा शब्द एका श्वासात येईना. त्याने तशीच गाडी काढली. ऑक्सिजन ९१. दोन दिवस दवाखान्यात, तोंडाला वाफेचं यंत्र, आणि पाच दिवस प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम. म्हणजे पंपातल्या चिमूटभर स्टेरॉइडला घाबरले आणि मूठभर गिळलं.

आता रोजचा पंप पुन्हा सुरू आहे, बरं वाटतंय. पण डोक्यात प्रश्नांचा भुगा झालाय. त्या चार दिवसांत बाळाला काही झालं असेल का? कळा सुरू असताना झटका आला तर? बाळालाही दमा होणार का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: माहेरी आईने आत्ताच माळ्यावरून शेगडी काढून घासून ठेवली आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख आहे. बंद खोली, बाजेखाली निखारे, ओवा-शेपांची धुरी. मला नुसतं लिहितानाच खोकला येतोय.

---

सोलापुरी_चटणी | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ताई, काळजी घ्या. भूलतज्ज्ञ_काकूंना हाक मारतो, त्या या धाग्यावर यायलाच हव्यात.

---

आजी_ऑनलाईन | ४ ऑगस्ट, सकाळी ९:५०

बाळ, तुझं वाचून मला माझं १९८४ आठवलं. तेव्हा आमच्या तालुक्याला पंप कुणी पाहिलेला नव्हता. डेरिफायलिनच्या गोळ्या, फारच झालं तर शिरेतून इंजेक्शन. गोळी घेतली की हात थरथरायचे, उलटी व्हायची, म्हणून मी अर्धीच घ्यायचे. रात्रभर ओट्याला धरून उभी राहायचे, कारण वाकून उभं राहिलं की जरा हवा आत जाते. ज्याला दमा आहे त्याला कळेल. मुलगा पस्तिसाव्या आठवड्यात झाला, १ किलो ९०० ग्रॅम. कापसात गुंडाळून वाढवला. आज चाळिशीचा आहे आणि ढेरी सुटली आहे, तेव्हा ती चिंता सोड.

शेगडीचं सांगते. माझ्या सासूबाईंनी निखाऱ्यांवर बाळंतशेपा टाकल्या आणि मी दहा मिनिटांत काळीनिळी. सासरे त्या काळात बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत, ते धावत आत आले आणि शेगडी अंगणात भिरकावली. पुढचे दोन महिने ओसरीवरच्या उन्हात काढले. शेक उन्हाचा घेतला. काही बिघडलं नाही.

---

भूलतज्ज्ञ_काकू | ४ ऑगस्ट, रात्री १०:२०

हाक ऐकली. आधी नेहमीचं: मी तुला तपासलेलं नाही, तुझा डोस तुझे छातीचे डॉक्टर ठरवतील. आता बोलते.

जो बंद करायला नको होता, नेमका तोच पंप तू बंद केलास. तू एकटी नाहीस, निम्म्याहून जास्त बायका मला हेच सांगतात. रोजचा पंप श्वासनळ्यांची सूज खाली ठेवतो, साल्ब्युटामॉल फक्त आवळलेल्या नळ्या चार-सहा तासांपुरत्या सैल करतो. सूज तशीच वाढत राहते आणि आपल्याला वाटतं औषध कमी घेतोय. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी तर २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर कुणालाच ठेवू नका असं म्हटलंय, गरोदर असो वा नसो.

स्टेरॉइडचा हिशोब कर. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड. प्रेडनिसोलोनची सगळ्यात छोटी नेहमीची गोळी ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. शिवाय पंपातलं औषध बहुतेक छातीतच काम करतं. गरोदरपणात ज्या पंपांचा सर्वात जास्त अनुभव आहे त्यात ब्युडेसोनाइड पहिलं. स्वीडनमध्ये प्रत्येक जन्माची नोंद होते. तिथल्या १९९९ च्या अभ्यासात ज्यांच्या आयांनी सुरुवातीच्या महिन्यांत ब्युडेसोनाइड घेतलं अशी २०१४ बाळं होती. जन्मजात व्यंगांचं प्रमाण ३.८ टक्के, आणि एकूण बाळांमध्ये ३.५. म्हणजे जवळपास तेवढंच.

आणि ती प्रेडनिसोलोनची गोळी घेतलीस त्याबद्दलही स्वतःला खाऊ नकोस. तिचा बराचसा भाग वारेतच निष्क्रिय होतो, बाळापर्यंत साधारण दहावा हिस्सा पोचतो. तू ती घेतली नसतीस तर ९१ चं ८५ झालं असतं.

बाळाचं काय झालं असेल? हे समजून घे. वारेतून बाळाकडे जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा दाब मुळातच आपल्या धमनीतल्या रक्ताच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं, त्यामुळे एवढ्यातही त्याचं भागतं. पण हाताशी शिल्लक फारशी नसते. म्हणून गरोदर बाईचा ऑक्सिजन ९५ च्या खाली राहू द्यायचा नसतो. एकदा पडला आणि दोन दिवसांत सावरला, तर बहुतेक बाळं निभावून नेतात. आठवडेन् आठवडे दमा मोकाट असला की मग वेळेआधी बाळंतपण, कमी वजन, आईचं रक्तदाब वाढणं हे सगळं मागे लागतं. वाढीची सोनोग्राफी अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पुन्हा करून घे, मनाची शांती म्हणून तरी.

अजून एक. गरोदरपणात श्वास आपोआप खोल होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४० वरून ३० च्या आसपास येतो. दम्याच्या झटक्यात एखादीचा रिपोर्ट ४० आला तर कागदावर 'नॉर्मल' दिसतं. आम्हाला मात्र घाम फुटतो, कारण ती बाई थकत चालली आहे असा त्याचा अर्थ.

कळांचं उद्या लिहिते. आत्ता ड्युटी.

---

खवचट | ४ ऑगस्ट, रात्री ११:०५

काकू ड्युटीवरून टंकतात आणि तरी ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. आम्ही घरी बसून 'अस्थमा' तीन प्रकारे लिहितो.

---

मिरजकर | ५ ऑगस्ट, सकाळी ८:३०

माझ्या बायकोचा दमा दोन्ही गरोदरपणांत कमी झाला होता. पहिल्या वेळी तर पंप लागलाच नाही. म्हणून विचारतो, सगळ्यांचाच वाढतो असं आहे का?

---

भूलतज्ज्ञ_काकू | ५ ऑगस्ट, दुपारी २:४५

नाही. जुना ठोकताळा असा: एक तृतीयांश जणींचा वाढतो, एक तृतीयांश जणींचा कमी होतो, उरलेल्यांचा आहे तसा. कुणाचं काय होणार हे आधी सांगता येत नाही, पण ज्यांचा आधीच जोरात असतो त्यांचा वाढायची शक्यता जास्त. वाढला तर दुसऱ्या तिमाहीच्या शेवटापासून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतचा काळ नाजूक. शेवटचा महिना पुष्कळदा शांत जातो. आणि नवी_वाट, कळा सुरू असताना मोठा झटका येणं खरंच दुर्मीळ आहे. पंप उशाशी ठेव आणि त्या दिवशीचा डोस चुकवू नकोस, बास.

पण तुझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने 'दमा' लिहून घे. बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त झाला की कार्बोप्रॉस्ट नावाचं इंजेक्शन हाताशी असतं. ते गर्भाशय आवळतं, पण श्वासनळ्याही आवळतं. दम्याच्या बाईला टाळायचं. ऑक्सिटोसिन चालतं, मिसोप्रोस्टॉल चालतं. रक्तदाब वाढला तर लॅबेटालॉल देतात, तेही दम्यात नको, निफेडिपिन आहे. आणि अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्यावरच्या गोळीने तुला कधी धाप लागली असेल तर तेही लिही, कारण हल्ली रक्तदाबाच्या धोक्यासाठी गरोदरपणात कमी डोसची अ‍ॅस्पिरिन बऱ्याच जणींना सुरू करतात. सिझर करावं लागलं तर कमरेतून भूल द्यायला सांग, श्वासनलिकेत नळी घालायची वेळ टळते. रात्री तीनला नवीन डॉक्टर आला तर तो तुझी कहाणी ऐकत बसणार नाही, लाल अक्षर वाचेल.

---

न्यूकॅसलची_निशा | ६ ऑगस्ट, पहाटे ४:१०

ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल, इंग्लंडातलं नव्हे. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

इथे राहते म्हणून सांगते, गरोदरपणातल्या दम्यावरचं बरंच काम याच गावात झालंय. २०११ साली इथल्या गरोदर बायकांवरची एक चाचणी गाजली होती, २२० जणी होत्या. निम्म्या जणींची औषधं लक्षणं बघून कमी-जास्त केली, निम्म्यांची श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजून. तो वायू नळ्यांच्या सुजेचा अंदाज देतो. मोजणाऱ्या गटात झटके जवळपास निम्मे झाले. नंतर मोठी चाचणी झाली तेव्हा बाळांच्या वजनात वगैरे फरक दिसला नाही, तेव्हा ते यंत्र म्हणजे जादूची कांडी नाही.

मी २०१९ मध्ये गरोदर असताना मला खरा उपयोग झाला तो नर्सचा. दर महिन्याला ती म्हणायची, "पंप घेऊन दाखव." पंधरा वर्षं मी तो चुकीचा घेत होते! दाबायचे आधी आणि श्वास घ्यायचे नंतर. सगळं औषध जिभेवर. तिने स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला, घेतल्यावर चूळ भरायला शिकवलं. डोस तोच, आणि मी दोन आठवड्यांत रात्री झोपायला लागले.

---

नवी_वाट | ६ ऑगस्ट, रात्री ९:३०

निशा, तुमचं वाचून आरशासमोर उभी राहून पंप घेतला. पांढरा धूर तोंडातून बाहेर. मीही पंधरा वर्षं वाफ गिळतेय बहुतेक. उद्याच स्पेसर आणते.

काकू, एक राहिलं. मला आता जिना चढतानाही धाप लागते. ही दम्याची की पोटाची, कसं ओळखायचं?

---

भूलतज्ज्ञ_काकू | ७ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पोटाची धाप रात्री झोपेतून उठवत नाही, छातीत शिट्टी वाजवत नाही, तिच्याबरोबर खोकला येत नाही. शंका असेल तर पीक फ्लो मीटर घे. प्लॅस्टिकची नळी असते, औषधांच्या दुकानात मिळते, जोरात फुंकायचं. पोट कितीही वाढलं तरी तो आकडा गरोदरपणामुळे पडत नाही. पडला तर दमा. रोज सकाळी फुंकून कॅलेंडरवर लिही.

---

रांगडा | ७ ऑगस्ट, दुपारी १२:२०

आमच्या आजीने आठ बाळंतपणं शेगडीवर काढली. हल्ली सगळ्याचीच अ‍ॅलर्जी झाली आहे लोकांना. परंपरेत काही अर्थ असतो.

---

खवचट | ७ ऑगस्ट, दुपारी १२:२६

आठातली किती जगली ते आजीला विचारलं होतं का कधी?

---

वैद्यबुवा | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

खवचट, जरा दमाने. (शब्दाचा खेळ मुद्दाम नाही.)

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेला, तेहेतीस वर्षं प्रॅक्टिस करणारा माणूस आहे, तेव्हा परंपरेच्या वतीने मीच बोलतो. चरकसंहितेत श्वासव्याधीची कारणं सांगताना धूळ आणि धूर अगदी सुरुवातीलाच येतात. ज्या स्त्रीला श्वासव्याधी आहे तिला बंद खोलीत धुरी देणं हे शास्त्राला धरून नाही, ती फक्त सवय आहे. सूतिकेला, म्हणजे बाळंतिणीला, उष्णता हवी, धूर नको. अभ्यंग करा, गरम पाण्याने स्नान घाला, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, पोट बांधा. ओवा-शेपा खायला द्या, जाळायला नकोत. आणि बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो, तो तर दमा नसलेल्यालाही सोडत नाही. बाळाला तर मुळीच नाही.

आणखी एक, पुढचे दोन महिने आहेत म्हणून. कोजागरीला दुधातून किंवा खिरीतून दम्याचं औषध वाटतात. त्यात काय आहे हे वाटणाऱ्यालाही नेमकं माहीत नसतं. दम्याच्या पुड्यांमध्ये चक्क स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. गरोदर बाईने त्या वाटेला जाऊ नये. मसाला दूध मात्र अवश्य प्यावं.

---

रांगडा | ७ ऑगस्ट, रात्री ८:००

वैद्यबुवा, मान्य. आजीची पाच जगली.

---

सोलापुरी_चटणी | ७ ऑगस्ट, रात्री ८:४०

डासांची कॉइलही बंद करा ताई. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे मोजले होते. आमच्याकडे वडील खोलीत सिगारेट ओढू द्यायचे नाहीत आणि पलंगाखाली दोन कॉइल लावायचे. मच्छरदाणी बरी.

---

नवी_वाट | २९ सप्टेंबर, रात्री १०:१०

डोहाळजेवण झालं, तिसावा आठवडा. ताजी बातमी देते.

वाडी खऱ्या फुलांची नको म्हटल्यावर सासूबाई हिरमुसल्या होत्या. निशिगंधाच्या नुसत्या वासाने माझं नाक बंद होतं हे त्यांना माहीत आहे, पण फुलांशिवाय वाडी कसली? शेवटी त्यांनीच चार रात्री जागून क्रेप कागदाची वाडी केली. मुकुट, बाजूबंद, धनुष्यबाण, सगळं. त्याच आत्या आल्या होत्या, हातात पेटलेल्या उदबत्त्यांचा जुडगा घेऊन. सासूबाईंनी तो दारातच काढून घेतला आणि तुळशीत खोचला. मला काहीच बोलावं लागलं नाही.

पीक फ्लो ३६० ते ३८० च्या दरम्यान. ऑगस्टच्या सुरुवातीला २९० होता. सोनोग्राफीत बाळाचं वजन व्यवस्थित. फ्लूची लसही घेतली.

आता खरा पेच. माहेरी जायचं की नाही? आमचं घर उसाच्या फडांच्या मधोमध आहे. दिवाळीनंतर तोड सुरू झाली की पाचट पेटवतात, संध्याकाळी गावावर निळसर थर असतो. दवाखाना अठरा किलोमीटर. आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं.

---

मिरजकर | ३० सप्टेंबर, सकाळी ७:४५

त्या भागातलाच आहे. पाचटाचा धूर म्हणजे दम्याच्या माणसाने गाव सोडावं असाच. हल्ली काही जण पाचट कुट्टी करून शेतातच ठेवतात, पण शेजारच्या फडाचं काय करणार? जाऊ नका.

---

आजी_ऑनलाईन | ३० सप्टेंबर, सकाळी १०:००

माहेर म्हणजे गाव नव्हे ग, आई. आईला वाकडला बोलव.

---

नवी_वाट | ४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आई आली! येताना शेगडीही घेऊन आली, पोत्यात गुंडाळून, एसटीतून. मी बघतच राहिले.

दिवाळीच्या तीन रात्री खिडक्या बंद करून काढल्या. लक्ष्मीपूजनाला पीक फ्लो ३१० वर आला. डॉक्टरांशी आधीच ठरलेल्या चिठ्ठीप्रमाणे डोस वाढवला, तिसऱ्या दिवशी पुन्हा ३६०.

---

नवी_वाट | ९ डिसेंबर, दुपारी ३:३०

मुलगी झाली. २९ नोव्हेंबर, अडतिसावा आठवडा पूर्ण होऊन सहा दिवस, २ किलो ७५० ग्रॅम. नैसर्गिक. लाल अक्षरांची फाइल बघून लेबर रूममधल्या सिस्टरच म्हणाल्या, "दमावाली ना तुम्ही? कार्बोप्रॉस्ट नको." काकू, तुम्हाला तिथेच मनातल्या मनात नमस्कार केला. कळांच्या वेळी पंप दोनदा लागला.

पण जन्मल्यावर बाळाचा श्वास भराभर चालत होता, मिनिटाला सत्तरच्या वर. तिला काचेच्या पेटीत नेलं. दीड दिवस नाकाला ऑक्सिजन. टाचेतून रक्त काढून साखर बघत होते. मी जिन्यातून खाली-वर करत होते, टाके असताना. हे माझ्या दम्यामुळे का, त्या ऑगस्टआधीच्या दिवसांमुळे का, हेच डोक्यात. आता घरी आलोय, ती छान दूध पिते आणि रात्री दोनला गप्पा मारते.

---

भूलतज्ज्ञ_काकू | ९ डिसेंबर, रात्री ११:५०

अभिनंदन ग!

फुफ्फुसातलं पाणी सुकायला काही बाळांना वेळ लागतो, त्याने असा जलद श्वास होतो. दमा असलेल्या आयांच्या बाळांत हे थोडं जास्त दिसतं, पण दोन-तीन दिवसांत जातं आणि मागे काही ठेवत नाही. दमा नसलेल्यांच्या बाळांतही रोज दिसतं. साखर बघतात ते आईने शेवटी साल्ब्युटामॉल बरंच घेतलं असेल तर खबरदारी म्हणून. 'का' चा शोध थांबव आणि झोप.

तिला पुढे दमा होईल का? आईला असला की शक्यता वाढते, खोटं कशाला सांगू. पण वाढते म्हणजे होतोच असं नाही. अंगावर पाज, तुझे पंप दुधाला चालतात. तिच्याभोवती धूर येऊ देऊ नका. आणि बाळ झालं म्हणून स्वतःचा रोजचा पंप विसरू नकोस, बाळंतिणी हटकून विसरतात.

---

वैद्यबुवा | १० डिसेंबर, सकाळी ६:३०

अभिनंदन. शेगडीचं काय झालं?

---

नवी_वाट | १० डिसेंबर, सकाळी ११:००

गॅलरीत आहे. आई त्यावर वांगी भाजते, दार लावून घेऊन. शेक गरम पाण्याच्या पिशवीचा. बाळाचे केस मऊ टॉवेलने सुकवतो, धुरीवर नाही. त्यावरून दोन दिवस अबोला झाला, मग आईच म्हणाली, "टक्कलच आहे तिला, सुकवायचं काय त्यात?"

---

कोवळी_पालवी | १७ फेब्रुवारी, रात्री १२:३०

धागा वर काढते, माफ करा. मला चौदावा आठवडा आहे, दमा लहानपणापासून. एवढ्यात रात्री खोकल्याने दोनदा जाग येते. पण मी पंप सोडलेला नाही, व्यवस्थित चालू आहे, म्हणून काळजीचं काही नसेल ना?

---

नवी_वाट | १७ फेब्रुवारी, रात्री १:०५

जागीच आहे, दूध पाजतेय. पंप एक आहे का दोन?

---

कोवळी_पालवी | १७ फेब्रुवारी, रात्री १:१२

आधी दोन होते ताई. एक गेल्या महिन्यात संपला, तो मग आणला नाही.

---

नवी_वाट | १७ फेब्रुवारी, रात्री १:१३

कोणता संपला? रिकामी डबी आहे का घरात? त्यावरचं नाव वाचून सांग.